निजव्या

७ जानेवारी
आजींचं आज पुन्हा तेच! पाच नंबरच्या खोलीच्या दारात उभ्या, बोट आत — "निजव्या. निजव्या." लकव्यात वाचा गेली, वृद्धाश्रमात आल्यापासून एवढा एकच शब्द. आत मास्तरीणबाई मजेत स्वेटर विणत बसलेल्या. मी आजींना दंडाला धरून परत आणलं. हात सोडवून घ्यायला बघत होत्या — काय जोर या वयात!

८ जानेवारी
मास्तरीणबाई गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, चहाला उठल्याच नाहीत. गाल गुलाबी — आत्ता खुदकन हसतील असे. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं.

११ जानेवारी
आश्रमातल्याच पोस्टमास्तर काकांना त्या शब्दाचा अर्थ विचारला. चेहराच उतरला त्यांचा. "डोंगराकडची जुनी बोली. निजव्या म्हणजे निजवणारा. तो आला की माणूस उठत नाही. लहानपणी आम्ही दंगा केला की माझी आजी हे नाव घ्यायची — सगळे गपगार!"
काका हसायला गेले. जमलं नाही.

१४ जानेवारी
आज सहा नंबरसमोर. निजव्या! मी खेकसले, "तोंड बंद ठेवा हो!" आजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

१५ जानेवारी
सहा नंबरच्या शिंपीणकाकू. तशीच दुपारची झोप. तसेच गाल.

१६ जानेवारी
आजींच्या शेजारी कुणी जेवायला बसेना. स्वयंपाकीण म्हणते, बाई पांढऱ्या पायाची. मॅनेजरसाहेब म्हणाले, मागच्या खोलीत हलवा, बाहेरून कडी लावा.
लावली. मीच. आतून दार वाजवत राहतात. मी रेडिओ मोठा करते.

१९ जानेवारी
आजींची भाची भेटायला आली. कडी बघून भडकली. मी चाचरत शब्द सांगितला — ती बघतच राहिली.
"अहो, मावशीच्या घरी कोळशाच्या भट्ट्या होत्या! बंद खोलीत निखारे राहिले की धूर दिसत नाही, वास येत नाही. नुसतं डोकं जड होतं नि माणूस झोपतो, कायमचा. तो निजव्या. मावशीचं डोकं सगळ्यांच्या आधी ठणकायचं. तिनं नाव घेतलं की बाकीच्यांनी धावत दारं-खिडक्या उघडायच्या. यासाठीच तो शब्द!"
मी पाच-सहा नंबरकडे धावले.

२० जानेवारी
मिस्त्रीनं पाच-सहा नंबरमधली भिंत फोडली. गॅस गिझरचा धूर बाहेर नेणारा पाइप आत सांध्यातून निसटलेला.
शिंपीणकाकूंना थंडी वाजत होती. त्या दुपारी त्यांची खिडकी मी लावली होती.