पायदानाच्या पट्ट्या

रविवार, ९ ऑक्टोबर १९९४, बंगळूर

अण्णाने बाबांची स्कूटर विकली. आणि विकण्यासाठी तिला चकाकी आणली कोणी, तर मी!

सकाळी म्हणाला, "पायदानाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या स्वल्प चांगल्या घासून ठेव गं." मला वाटलं, आज शिकवणार चालवायला. बाबा गेल्यापासून 'पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी' चाललंय त्याचं. दोन तास पॉलिश लावून घासत बसले, बाबांनी शिकवलं तसं, एकाच दिशेने. फडकं काळंकुट्ट झालं तेव्हा कुठे पट्ट्यांत तोंड दिसायला लागलं.

चार वाजता देवनहळ्ळीचे एक गृहस्थ आले. पट्ट्यांवरून हात फिरवून खूश. अण्णा हसत म्हणतो, "घरीच घासतो आम्ही." आम्ही! कधी फडक्याला हात तरी लावलाय का त्याने? मला आधी सांगितलं असतं तर रडले असते, पण घासलंच असतं. मोठा भाऊ झाला म्हणून काय, निदान विचारायचं तरी.

अण्णा कागद आणायला आत गेला, तेव्हा गृहस्थांनी मलाच विचारलं, ही चमक टिकवायची कशी? मी सांगितलं, "धुण्याच्या सोड्याने घासा."

लहानपणी मी एकदा तोच लावला होता. पट्ट्या काळ्या पडल्या. पुन्हा उजळायला बाबांना तीन रविवार लागले. मला एक शब्द बोलले नव्हते.

गृहस्थ निघताना हात जोडून "बरतीनी, अक्का" म्हणाले. अण्णाला तर काही कळणारही नाही. काळ्या पडतील त्या बाबांच्याच पट्ट्या.