बायकांचा मचवा

खैतान, कुवेत
९ एप्रिल १९६४

प्रिय असमाआपा,
सलाम. अम्मीच्या गुडघ्यांना आराम पडो, तुझ्या घरात बरकत राहो. आम्ही दोघं इथे ठीक आहोत. दोन दिवस धुळीचा वारा सुटलाय. खिडक्यांच्या फटीत फडकी कोंबून लिहायला बसलेय. बसलेय कसली, सारखी उठतेय.

बेटावरच्या मुलींच्या शाळेला नानीचं नाव देणार, हे वाचून ऊर भरून आला. कार्यक्रमात वाचायला तिची हकिकत मागितलीस. तिच्यापाशी मी वाढले, म्हणून मीच लिहावं म्हणतेस. तर हे वाच.

शहरबानू नानी लग्न होऊन बेटावर आली, तेव्हा तिथे ना डॉक्टर ना धड सुईण. एका जुम्याला तिची जाऊ अडली. खाडीपलीकडच्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. पुरुष मशिदीत, मचवे किनाऱ्याला बांधलेले, पण मालकाला विचारल्याशिवाय सोडणार कोण? निरोप जाऊन येईस्तोवर जाऊ गेली. चाळिसावा झाल्यावर नानी नानांना म्हणाली, "तुमच्या तीन मचव्यांतला एक आजपासून बायकांचा." नाना हसले. नानी हसली नाही.

मग दर जुम्याला तिच्या ओट्यावर बायका जमू लागल्या. आपल्या होत्या, कोळणी होत्या, भंडारणी होत्या. बाळंतिणीला काय द्यायचं, कुठलं दुखणं दिसलं की लगेच मचवा काढायचा, हे एकमेकींना शिकवायच्या. मचवा दोन कोळणी वल्हवायच्या. जमातीचे वडीलधारे दारात आले: "बायकांची कसली बैठक?" नानी दाराआडून म्हणाली, "तुमच्या बैठकीत मयताची सोय होते. आमच्यात जन्माची."

त्या मचव्यातून किती जणी सुखरूप परतल्या, तिने कधी मोजलं नाही.

कार्यक्रमाला एवढं पुरे. पुढचं फक्त तुझ्यासाठी.

गेल्या उन्हाळ्यात मला ताप आल्याचं कळवलं होतं. तो ताप नव्हता, आपा. मुलगी होती. सातवा महिना होता. तुझे मेहुणे अहमदीच्या तेलकंपनीत ड्यूटीवर, मी एकटी टॅक्सीने दवाखान्यात. नर्स अरबीत विचारायची, मी आपल्या बोलीत सांगायची, दोघींचे आवाज चढत गेले. बाळ सकाळपासून हलत नाही, एवढंसुद्धा मला सांगता आलं नाही.

हे म्हणाले, घरी कळवू नकोस, अम्मी खचेल. मी ऐकलं.

मग घरमालकीण लैलाबाईकडून अरबी शिकले. दुखतं, रक्त जातं, कधीपासून. जानेवारीत खालच्या मजल्यावरच्या रहिमाला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिच्यासोबत गेले आणि सगळं मीच बोलले. तिने दुसऱ्या बायका आणल्या. आता दर जुम्याला दुपारी माझ्या खोलीत चटया कमी पडतात.

पुरुषांना ते खुपलं. "तुझी बायको आमच्या बायकांना टॅक्सीतून फिरवते," असं यांना ऐकवलं. त्यातच तुझं पत्र आलं. यांनी लगेच मुंबईच्या बोटीचं तिकीट काढलं. "कार्यक्रमाला जा. सहा महिने राहा. डोकं शांत होईल."

बोट शनिवारी आहे. ट्रंक भरून झाली होती. काल दुपारी गल्लीतल्या हारूनची बायको बिल्कीस अडल्याचा निरोप आला. मी चप्पल घालून निघाले. तिला मुलगी झाली. रडतच आली.

संध्याकाळी घरी आले तर हे ट्रंकेवर बसलेले. "जायचंय की नाही?"

माझ्या तोंडून भलतंच निघालं. "आपली मुलगी गेली तेव्हा तुम्ही रडलातसुद्धा नाही."

यांनी ट्रंकेची कडी लावली, काढली. मग म्हणाले, "रडलो. कामावर. तिथे ओळखीचं कोणी नव्हतं."

वर्ष होत आलं, आपा, आणि हे मला काल कळलं. मी त्यांच्याजवळ खाली बसले.

आज सकाळी ते तिकीट खिशात घालून गेले. परत करायला की पुढची तारीख घ्यायला, सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. जीव थाऱ्यावर नाही. दारापाशी पाऊल वाजलं की उठते.

त्यांनी काहीही करून येऊ दे, मी बोटीत बसणार नाही. अम्मीला मुलीचं तूच सांग. सांगताना तिचा हात धरून ठेव.

उद्या जुमा आहे. बायका येतील.

इथेच राहणारी,
तुझी सुगरा