काचघरातलं ऊन

बाबा, तुमच्या काचघरात आता ऊन येत नाही. तुम्हाला हे सांगायलाच लिहायला बसले, आणि खरं सांगू, तुमचाच राग येतोय.

गढा मोहल्ल्यातल्या आपल्या घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीबाहेर तुम्ही कबाड्याच्या जुन्या खिडक्या जोडत होतात, तेव्हा शेजारचे भैया हसले होते, "बाबूजी, अचार सुखाओगे क्या?" भिंत तुम्ही काळी रंगवलीत, तर आई म्हणाली, घराला काळं फासलं या माणसानं. पण जबलपूरच्या थंडीत ती भिंत दिवसभर तापायची आणि रात्रीपर्यंत कोमट राहायची. आईचे आखडलेले सांधे तिथेच मोकळे व्हायचे. सकाळी ऊन आलं की मधलं दार उघडून ऊब खोलीत घ्यायची, उन्हं उतरली की दार लावायचं. एकदा मी विसरले. फॅक्टरीतून आल्या आल्या तुम्ही ओरडलात, "सगळी ऊब घालवली! आईची हाडं कोण शेकणार, तू?" शाळकरी पोर होते हो मी. इतकं बोलायची गरज नव्हती.

समोरचा प्लॉट भावाभावांच्या भांडणात पडून होता. इथे जन्मात कोणी बांधत नाही, असं तुम्ही छातीठोकपणे सांगायचात. बांधलं, बाबा. तुम्ही गेल्यावर भांडण मिटलं, तीन मजले उभे राहिले, आणि आता हिवाळाभर त्यांची सावली आपल्या काचांवर. आईला आता डोळ्यांनी दिसत नाही. रोज सकाळी ती मधलं दार उघडायला लावते आणि दारासमोर खुर्चीत बसून राहते. काचघरातून नुसता गारठा आत येतो. मागच्या आठवड्यात तिची छाती कफानं भरली. पुन्हा गारठली तर निभणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

आज मी तिच्या पायांशी हीटर लावला आणि म्हटलं, ऊन आलं बघ. तिनं तळवे पुढे केले.

"आज तुझ्या बाबांचं ऊन आवाज करून राहिलं गं."

मी हीटर जरा मागे सरकवला.

"बंद कर ते. त्यांना काय वाटेल?"

"अगं, गारठशील."

"गारठू दे. काहून वाद घालते? बंद कर."

केला बंद. काय करणार! तिचा डोळा लागल्यावर परत लावला. ती उठायच्या आत बंद करीन. हा कागदही तिला वाचून दाखवणार नाही.

आणि हो, मधलं दार भरदुपारी मी लावून टाकलंय. ओरडायचं असेल तर ओरडा.