निळ्याचं गुलाबी झालं त्याची हकिगत

सालवड, बोईसर
१२ ऑगस्ट १९८६

ती. राहीअक्कास धाकट्या भगवंताचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? मी धडधाकट आहे, हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तू नवस बोलत बसशील.

इथल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत सध्या माझं काम असं, की कोबाल्ट क्लोराइडची पूड नळीत भरायची आणि तिच्यावरून फ्लोरिन वायू सोडायचा. फ्लोरिन भारी दांडगा. क्लोरिनला हुसकावून स्वतः त्याच्या जागी बसतो. (थोरल्या काकांनी मळ्यातली खोली घेतली, तसा. पत्र काकूला दाखवू नकोस.) पण पुडीत पाणी असलं, तर हाडापर्यंत जाळणारी वाफ उठते. म्हणून पूड कोरडी हवी. कोरडी असली की निळी, ओल धरली की गुलाबी, अशी सोपी खूण आहे.

गेल्या मंगळवारी बाटलीचं झाकण सैल राहिलं (माझ्याच हातून) आणि पावसाळी हवा आत शिरली. मी नळी भरून उभा, तेवढ्यात फरशी पुसणारी ठकी थांबली.

"सायेब, काल ही निली व्हती ना? आज गुलाबी हाय."

"ठके, तू तुझं काम कर," असं म्हणून मी वायूचा कॉक किंचित सोडला.

सांध्यातून फुस्स झालं, पांढरा धूर निघाला. मी कसाबसा कॉक बंद केला आणि ठकीने माझी कॉलर धरून मला थेट फाटकापर्यंत ओढत नेलं. कुणाला काही झालं नाही. खिडकीची काच तेवढी दुधासारखी झाली.

साहेबांनी विचारलं, "रंग दिसला नाही?" ठकी खाली बघत उभी. मग मीच सांगितलं, की तिने बजावलं होतं, मी झिडकारलं. आणि मला निळा आणि फिका गुलाबी सारखाच दिसतो. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा हे तोंडातून निघालं, अक्का.

साहेबांनी नोकरी ठेवली. ठकीला प्रयोगशाळेत कायम केलं. तिने पाहिल्याशिवाय आता नळी भरायची नाही. मी माफी मागितली, तर म्हणाली, "आमचा म्हातारा पन तसाच हाय, सायेब. आंबा पिकला का नाय, ते वास घेऊन सांगतो." फार बरं वाटलं.

तुझा,
भगवंत

ता. क. : पत्र लिहायचं खरं कारण. लग्नपत्रिका छापायच्या आत माझ्या डोळ्यांचं नर्मदेच्या वडिलांना तू सांग. फ्लोरिनपुढे मी उभा राहतो, खंडेरावांपुढे नाही.

ता. क. २ : नर्मदेला मी त्यानंतर रविवारी भेटलो तेव्हा सांगितलंय. ती म्हणाली, "बाबांना कळू देऊ नका." तेव्हा वरचं राहू दे. (किंवा सांगच. तुला काय वाटतं?)