वाइनविना स्टू

श्रूजबरी, १६ नोव्हेंबर २००४

प्रिय सगुणा,

तुला आणि भावजींना प्रभूच्या नावानं सलाम. मी सांगतेय, सूनबाई लिहितेय. आम्ही खुशाल. तुझा गुडघा कसा आहे? जरा चालत जा, आळशी!

शैलेंद्रनं दारू सोडली, त्याला दोन महिने झाले. रविवारी चर्चनंतर शेजारीण डोरोथी जेवायला यायची होती, म्हणून तिच्याच पद्धतीनं बीफचा स्टू केला. तिच्या कृतीत पेलाभर वाइन होती. शैलेंद्र म्हणाला, "आई, शिजताना उडून जाते गं."

मी म्हटलं, "उडून जाते कुठं? तुझ्या नाकात!"

मग बीफ लालसर परतलं, कांदा, टोमॅटो, गाजर, बटाटे घातले, आंबटपणाला चमचाभर व्हिनेगर, आणि तीन तास मंद आचेवर ठेवलं. घरभर वास सुटला.

डोरोथी आली ती वाइनची बाटली घेऊनच! माझ्या हातातला डाव तसाच राहिला. शैलेंद्र दारातच तिच्याशी इंग्रजीत काहीतरी बोलला. मला शब्द कळला नाही, पण बाई बाटली परत गाडीत ठेवून आली, तेवढं कळलं. पोरगा दोनदा वाढून घेऊन जेवला.

तरी प्रार्थना थांबवू नकोस. दोन महिने म्हणजे काही फार नाहीत.

तुझी अक्का
(अंगठा)