अंगणातली सळई

३ मार्च १९६३, अमरावती

पूल झाला एकदाचा. नाव बायकोनेच दिलं, सुमनने. सोसायटीचा सरकारी फोन आमच्या बैठकीत, शेजारी माझा मिलिटरीच्या जुन्या मालातला टेलिफोनच्या तारा जोडायचा बोर्ड, आणि दोघांचं आपसात बोलणं नाही. बोर्डावरून सोसायटीतली सगळी घरं एकमेकांशी बोलतात, पण बाहेरगावचा ट्रंक कॉल आला की ज्याचा असेल त्याने धावत आमच्याकडे यायचं. सरकारी फोनला आपली तार जोडायची परवानगी नाही. मग तार न जोडता लाकडाची घोडी केली. दोन्ही रिसीव्हर तिच्यावर उलटसुलट निजवायचे, याचा कान त्याच्या तोंडाशी.

पहिला कॉल देशमुख वकिलांचा, नागपूरहून. आमचे चेअरमन. घरी खुर्चीत बसून बोलले, मग मुद्दाम इथवर चालत आले. "तायडे, तुमी तर पोस्टालेही मागं टाकलं!"

अकोल्याचा आवाज मात्र पुलावरून फार बारीक येतो. तेव्हा सु. मध्ये बसून दोन्हीकडचं परत मोठ्यानं सांगते. चालेल.

११ मार्च

सु. म्हणाली, "राऊतांच्या तारेवर देशमुखांचं बोलणं येऊन राहिलं. बारीक, पण येते."

कारण माहीत आहे. तार वाचवली मी. प्रत्येक घराला एकच तार, परतीचा रस्ता जमिनीतून, आणि सगळ्यांची परतीची वाट आमच्या अंगणातल्या एकाच लोखंडी सळईत. काळी माती वाळली, भेगा पडल्या की सळईची पकड सुटते आणि एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तारेत उतरतं. खरा उपाय दुसरी तार. तोवर रोज सळईवर मिठाचं पाणी.

सु.ला म्हटलं, "तुझे कान जास्तच तिखट आहेत."

रविवारी बघू.

२४ मार्च

दोन रविवार गेले. प्रॅक्टिकल परीक्षा. कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे सगळ्यांचा हमाल.

आज इंगोलेकाकू आल्या, समोरच्या. इंगोले शेतकी खात्यात, महिन्यातले निम्मे दिवस दौऱ्यावर. काकूंची धाकटी नलू, तिचं मोर्शीला जमत आलं आहे, राऊतबाईंच्या भाच्याशी. संत्र्याचा मोठा बगीचा. काकू हरखलेल्या. सु.च्या हातचा चहा प्यायल्या, वर आणखी अर्धा कप मागून घेतला.

हे लिहून ठेवतो. प्लॉट घेतला तेव्हा छपन्नची दीक्षा होऊन दोनच वर्षं झालेली. भिंतीवरची बुद्धाची तसबीर दारातूनच दिसायची आणि लोक दारातूनच बोलून परत जायचे. बोर्ड लागला, मग एकेक जण आत येऊन बसू लागला. सु.ला आता सगळे "बोर्डवाल्या बाई" म्हणतात. तिलाही आवडतं. मला तर फारच.

९ एप्रिल

ऊन कडक. अंगणात भेगा, बोट जाईल एवढ्या. सळईचं रोजचं पाणी परीक्षांच्या गडबडीत राहूनच गेलं.

दुपारी अकोल्याहून पुष्पाचा ट्रंक कॉल येऊन गेला म्हणे. पुष्पा म्हणजे काकूंची मोठी, गेल्या वर्षी लग्न होऊन गेली. मी कॉलेजात. घरी आलो तर सु. चुलीपाशी. भाकरी थापताना परात आपटली.

"काय म्हणत होती पुष्पा?"

"जिचं तिले सांगतलं. झालं."

"मला सांगायला काय होतं?"

"तुमचा कॉल होता का?"

१२ एप्रिल

मोर्शीवाल्यांनी नकार कळवला.

संध्याकाळपर्यंत सोसायटीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच. पुष्पाच्या नवऱ्याला फिट येते, लग्नाआधीपासून. सासरच्यांनी लपवलं. आता सासू म्हणते तुझ्याच पायगुणानं, आणि खोलीत कोंडते. पुष्पा देवळात जाते सांगून पोस्टात गेली आणि तिथून आईला म्हणाली, मले घेऊन जा. काकू म्हणाल्या, नलूचं उरकू दे, तोवर दम धर, तोंडातून शब्द काढू नको. मोर्शीवाल्यांना हेच लागलं. मोठी नांदत नाही ते लपवून धाकटी आमच्या गळ्यात.

एवढं सगळं शब्दाशब्दानं बाहेर कसं आलं? कॉल तर तिघींमध्येच. पुष्पा, काकू, सु.

काकू अंगणात येऊन सु.ला म्हणाल्या, "तुले मी घरची समजली होती." सु. म्हणाली, "मी कोणाले सांगतलं नाही काकू." काकू म्हणाल्या, "मंग काय भितीनं सांगतलं? शेवटी तुमच्यात..." पुढचं तोंडातच ठेवलं. वळून गेल्या.

सु.ने अर्ध्या कपाचा तो कप घासून फळीवर पालथा घातला. 

१३ एप्रिल

सकाळी सु. नळावर गेली तेव्हा बोर्डाशी बसलो. देशमुखांकडून कोणी डॉक्टरांच्या घरी बोलत होतं. मी जादाचा रिसीव्हर राऊतांच्या तारेला लावला.

शब्द न् शब्द. बारीक नाही, चांगला ठणठणीत.

बादलीत मीठ कालवलं, सळईवर ओतलं. मातीने घटाघटा पिऊन टाकलं. आणखी एक बादली. परत कान लावला. आवाज खाली खाली जात गेला आणि बंद.

म्हणजे नऊ तारखेला काकू जीव तोडून ओरडत होत्या, सु. मध्ये बसून मोठ्यानं "पुष्पा म्हणते, पुष्पा म्हणते" करत होती, आणि राऊतबाई आपल्या घरी रिसीव्हर कानाला लावून...

सु. नळावरून आली. सळईपाशी ओलं दिसलं तिला. माझ्याकडे पाहिलं. हंडा ठेवला आणि आत गेली.

१५ एप्रिल

देशमुखांच्या ओसरीवर बैठक. बायका दारात. सु. बोर्डावर, कोणीतरी बसायलाच हवं.

काकू रडल्या. राऊतबाई म्हणाल्या, "मी काही मनचं नाही सांगून राहिली. बोर्डवाल्या बाईच्याच तोंडून ऐकलं, माह्या या कानानं."

खरं बोलल्या. अगदी खरं. त्याचा अर्थ तिथे दोघांनाच कळत होता. त्यांना आणि मला. त्या चोरून ऐकलं हे कशाला सांगतील? मी सांगायचं होतं.

देशमुखांनी मला संधी दिली. सरळ विचारलं. "तायडे, मशीनचा काही दोष असू शकते का? तुमी जाणकार आहा. तुमी म्हणान ते मानू."

"नाही," मी म्हणालो. "परवाच तपासलं. ठीक आहे."

परवाच तपासलं! त्यातही खोटं काही नाही. बादलीनंतर ठीकच होतं.

का म्हणालो असं? तोंड उघडताना मनात होतं की सांगायचं. मग समोर बसलेले दिसले सगळे. "तुमी जाणकार" म्हणणारे. उद्या म्हणतील, फुटकं मशीन लावलं आणि आमची घरं उघडी टाकली. परत दारातून बोलतील. एवढाच विचार, आणि तेवढ्यात "नाही" निघून गेलं.

ठरलं ते असं. बोर्ड आणि सरकारी फोन देशमुखांकडे हलवायचा. त्यांची सून बसेल. "तायडेबाईंवर ठपका नाही," असं देशमुख म्हणाले, "पण लोकाइचं मन." मी मान हलवली. मान हलवली मी.

घरी आलो. सु.ने विचारलं, "काय झालं?"

"लोकांचं मन," म्हणालो.

"अन् मशीनचं काही नाही निघालं?"

"नाही."

"हं," म्हणाली. वाढलं. भाजीत मीठ नव्हतं. मी मागितलं नाही.

२१ एप्रिल

बोर्ड हलवला. नव्या जागी प्रत्येक घराला दोन तारा ओढल्या, सळई नाही. ज्याला रविवार मिळत नव्हता, ते काम आता चार संध्याकाळींत केलं. देशमुखांनी पाहिलं. "दुसरी तार आधी काहून नोती?"

"तेव्हा तार मिळत नव्हती."

सु. त्यांच्या सुनेला शिकवायला गेली. मी नको म्हटलं होतं. हाक आली की बोर्डावर त्या घराची छोटी झाकणी पडते, मग कुठली पिन घालायची, हँडल किती फिरवायचं, ट्रंकवाल्या मुलीशी कसं बोलायचं. सूनबाई भली आहे, लाजत होती. निघताना सु. तिला म्हणाली, "पुलावर बसली की आपलं मन बाजूले ठेवायचं. मले नेहमी नाही जमलं."

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. तिला हा कबुलीजबाब वाटला असणार. मी पिना पुसत राहिलो.

२८ एप्रिल

बैठकीत बोर्डाच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन. कोणी येत नाही. जे टाळायला खोटं बोललो तेच झालं, फक्त सु.च्या नावावर.

सकाळी नळावर तिच्यासाठी बायका बाजूला सरकल्या म्हणे. वाट देतात तसं नाही. तिने सांगितलं नाही, मी खिडकीतून पाहिलं.

आज सांगतो उद्या सांगतो. तिला तर माहीतच आहे. तिला सांगून काय, सांगायचं ते बाहेर.

७ मे, अकोला

प्रॅक्टिकलच्या कामाला आलो आहे. काम दुपारी संपलं. पाय आपोआप पुष्पाच्या सासरकडे वळले असं लिहिणार होतो, ते खोटं. पत्ता विचारत विचारत गेलो. तिची माफी मागायची, निदान कुठेतरी एका माणसासमोर बोलून टाकायचं.

सासू बैठकीत. "अमरावतीचे? बसा." जावई पलंगावर, गोरा, शांत पोरगा, डोळ्यांखाली काळं. त्याची दया आली, हेही लिहितो. पुष्पाने पाणी आणलं. मनगटं वाळलेली. सासू समोरून हलेना. हवापाणी, कापसाची लागवड, तेल्हाऱ्याचे तिचे कोण भाऊ. उठलो. पुष्पा फाटकाशी आली कडी लावायला.

हळू म्हणाली, "दादा, वहिनीले सांगजा, त्या दिवशी त्या बोलल्या, त्याच्यावरच मी दिवस काढून राहिली."

"काय बोलली?"

"तुमाले नाही सांगतलं? आईचं झालं, दम धर म्हणे. मंग वहिनी म्हणे, आता हे तुझ्या आईचं नाही, माझं आहे. नाही निभलं तर आमच्या घरी ये. कोणाले विचारू नको, दार वाजवायचंही काम नाही."

मी उभा. ती माझ्या चेहऱ्याकडे पाहून घाबरली. "चुकलं का माझं काही?"

"नाही, नाही," म्हणालो. माझा आवडता शब्द झाला आहे तो.

तिला काहीच माहीत नाही. तिचं बोलणं आठ घरांत वाजलं, नलूचं मोडलं, तिच्या वहिनीचं नाव मातीत गेलं, काही नाही. आत सासूने हाक मारली. मी स्टेशनवर आलो. गाडीला वेळ आहे. लिहितो आहे.

८ मे, अमरावती

सु.ला म्हटलं, "पुष्पाला भेटलो."

तिचा हात थांबला. "कशी आहे?"

"वाळली. तू तिला ये म्हणालीस."

"म्हणाली. तेवढं एकच माह्या पदरचं घातलं." मग म्हणाली, "तुमाले विचारायले पाहिजे होतं. घर तुमचंही आहे."

तिने मला विचारायला हवं होतं! मला हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही. तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं. सळई, राऊतांची तार, बैठक, देशमुखांचा प्रश्न, माझं "नाही".

सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "हे मले ठाऊक आहे. मार्चमधे मीच सांगतलं होतं न तुमाले. मी वाट पाहून राहिली होती का तुमी बाहेर कवा सांगता."

"तू का नाही सांगितलंस बैठकीनंतर?"

"मी सांगतलं असतं तर बाई आपलं झाकून राहिली म्हणले असते. अन् तुमी तर तपासलं म्हणून मोकळे झालते."

मग तांदूळ निवडायला घेतले.

११ मे

पुष्पा आली. संध्याकाळच्या गाडीनं, एक पेटी घेऊन, रिक्षा थेट आमच्या दारात. समोर आईचं घर, तिकडे वळली नाही. दार वाजवलं नाही. सरळ आत आली आणि सु.च्या खांद्यावर डोकं ठेवलं. 

सगळ्या घरांच्या ओट्यावर माणसं. पुष्पा म्हणाली, "हे सगळे असे काहून पाहून राहिले?" सु.ने तिला हाताला धरून बसवलं. पाणी दिलं.

मग काकू आल्या. पदर खांद्यावरून घसरलेला, चपला नाहीत. नलू मागे. "पुष्पे, चाल घरी. इथं नको बसू. याच बाईनं तुझं—"

"काय वहिनीनं?" पुष्पा उभी राहिली. "काय केलं वहिनीनं?"

काकूंना सांगता येईना. ओट्यापाशी देशमुखही येऊन ठेपले होते, राऊतबाई त्यांच्या मागे जरा लांब.  सु.ने माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. दुकानदार उधारीवाल्याकडे पाहतो तसंही नाही. नुसतं पाहिलं, मी आहे का तिथे ते बघावं तसं.

मी म्हणालो, "काकू, बसा. वकीलसाहेब, तुमीही या आत. मला सांगायचं आहे."

बसले. काकू दारालगत, कडेला. देशमुख खुर्चीत. राऊतबाई बाहेरच, पण गेल्या नाहीत. पुष्पा पेटीवर. आणि "आलोच" म्हणून मी या आतल्या खोलीत आलो. पाणी प्यायलो. आणि बसून हे लिहितो आहे. लाज वाटते, पण लिहितोच आहे. पहिलं वाक्य तयार करतो आहे. दोष सळईचा होता, नको. सळईचा कसला. दोष माझा—

 बैठकीत कपबश्या वाजल्या. सु.चा आवाज. "अहो, या न बाहेर. चहा थंडा होऊन राहिला."