अण्णांना वळवून आणणारी चिमणी

रविवार, संध्याकाळ

चिमणीला उगीच आणलं असं वाटत होतं. आखूड पायांची, दिवसभर पळणारी कॉर्गी. गुरं वळणाऱ्या कुत्र्यांची जात म्हणे, पण बंगळूरमधल्या या मल्लेश्वरमच्या घरात गुरं कुठली?

आज मी गच्चीवर असताना अण्णा फाटक उघडून निघून गेले. हल्ली वडिलांना घरचा रस्ता आठवत नाही. मी धावत खाली आले, तर ते कोपऱ्यावरून परतत होते. चिमणी मागून त्यांच्या टाचेला नाक लावत होती. ते भरकटले की पुन्हा टाचेला नाक, अगदी हळूच.

"स्वल्प थांब गं," अण्णा जराला कानडी शब्द वापरत तिला म्हणाले, "येतोय ना."

किती दिवसांनी ते आपणहून कुणाशी बोलले. झाडांखालच्या पिवळ्या उजेडात दोघं तरंगत आल्यासारखी येत होती.  मी फाटक उघडं धरलं.